डबल बेल देण्याआधी

पोरी,

परवा फोनवर तू रडली नाहीस, त्याचीच मला जास्त काळजी वाटली. "मामा, क्रोन्स निघालं," एवढं म्हणालीस आणि लगेच विचारलंस, "तुला पण हेच आहे ना?" हो, हेच, आतड्याचा हा जुनाट आजार. नाव कळून सव्वीस वर्षं झाली, त्याआधीची दोन वर्षं भलत्याच नावाने भोगली. त्यानंतर तासाभरात ताईचे, म्हणजे तुझ्या आईचे, मला तीन फोन आले. तिसऱ्या फोनपर्यंत तिने एका वैद्याचा पत्तासुद्धा मिळवला होता. तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच बसावं. फोनवर मला धड बोलता येत नाही. सगळी नोकरी "पुढे सरका" आणि "सुट्टे काढा" एवढ्यावरच गेली.

मी डॉक्टर नाही, एसटीचा रिटायर कंडक्टर आहे. औषधांची नावं खाली येतील, ती तुझ्या डॉक्टरांना विचारण्यासाठी. आपणच ठरवून मेडिकलमधून आणण्यासाठी नव्हे. गाडी सुटताना आम्ही डबल बेल देतो. त्याआधी मात्र एकदा मागचं दार बघतो, कोण चढतंय, कोण लोंबकळतंय. तुला डॉक्टरांनी ठरवायला दहा दिवस दिलेत, तेवढ्यात मागचं दार बघून घे, म्हणून हे सांगणं.

पहिलं म्हणजे नाव पक्कं करून घे. आपल्याकडे या आजाराचा जुळा भाऊ आहे, आतड्याचा टीबी. दोघंही बहुधा एकाच जागी बसतात, लहान आतड्याच्या शेवटाला, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं तिथे. दोघांत वजन उतरतं, संध्याकाळी कणकण येते, उजवीकडे खाली दुखतं. दुर्बिणीतून जखमाही सारख्या दिसतात. बायोप्सीत पेशींच्या गाठी दोन्हीत निघू शकतात. इंग्लंड-अमेरिकेत असं दिसलं की डॉक्टर आधी क्रोन्स म्हणतात, आपल्याकडे टीबीचा विचार आधी होतो, आणि आपल्याकडे टीबी आहे तेवढा बघता ते चूकही नाही.

माझं 1997 साली सुरू झालं. कराड-चिपळूण ड्युटी होती. पाटण सोडलं, कोयनानगर गेलं आणि कुंभार्ली घाटात गाडी उतरायला लागली की पोटात कळ यायची. एकदा भर पावसात ड्रायव्हरला सिंगल बेल दिली आणि छत्री न घेता करवंदीच्या जाळीमागे पळालो. परत आलो तर गाडीभर लोक खिडकीतून बघतायत, मागून एकजण म्हणतोय, "कंडक्टरलाच लागली वाटतं." पहिल्या सीटवर हेळवाकला चढलेली एक म्हातारी होती. तिने काही न बोलता आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि पदराने माझी तिकिटांची पेटी पुसून दिली. वजन बासष्टवरून सत्तेचाळीसवर आलं होतं. मग तपासण्या झाल्या, आतड्याचा टीबी ठरला, नऊ महिने गोळ्या घेतल्या. लघवी नारिंगी व्हायची, त्या गोळीचा रंगच तसा.

आता ऐक. पहिल्या दोन महिन्यांत मला चक्क बरं वाटलं. चार किलो वजन वाढलं. डेपोत पेढे वाटले. फसलो ते इथेच. क्रोन्सच्या काही पेशंटना टीबीच्या गोळ्यांनीसुद्धा काही काळ बरं वाटतं, हे मला फार उशिरा कळलं. वाटणं आणि भरून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरंच टीबी असता तर दोन-तीन महिन्यांत आतल्या जखमा भरलेल्या दिसल्या असत्या. पण कोणी पुन्हा दुर्बीण घालून बघितलंच नाही, आणि मीही मागे लागलो नाही. कशाला लागेन, पेढे वाटून झाले होते ना! तेवढ्या काळात आतडं आतल्या आत आवळत गेलं.

उलटी चूकही तितकीच वाईट. टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं की टीबी अंगभर पसरू शकतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचार: टीबी नाही हे कशावरून? बायोप्सीचा तुकडा टीबीच्या जीन एक्स्पर्ट तपासणीला आणि कल्चरला गेला होता का? छातीचा फोटो, पोटाचा स्कॅन काय सांगतो? तरी नक्की सांगता येत नसेल आणि "टीबीच्या गोळ्या देऊन बघू" म्हणाले तर घाबरू नकोस, तो रस्ताही बरोबर असतो. मात्र पुन्हा दुर्बीण कोणत्या तारखेला, ते त्याच दिवशी लिहून घे. बरं वाटलं तरी जायचं. आतड्याच्या टीबीला सहसा सहा महिने पुरतात. "आणखी तीन महिने घेऊन बघू" असं नुसतं लांबत चाललं तर दुसऱ्या डॉक्टरांना फाइल दाखव. दुसरं मत घेतलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

माझा निकाल 1999 ला लागला, तोही मुक्कामी गाडीवर. पाटण खोऱ्यात एका गावात वस्ती होती. कोणाकडे तरी बारसं होतं, हरभऱ्याची उसळ आणि मक्याची कणसं पोटभर खाल्ली. रात्री बाराला पोट ढोलासारखं फुगलं, हिरवी उलटी झाली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वारासुद्धा सरेना. ड्रायव्हरने रिकामी लाल गाडी रात्री कराडला पळवली. त्याची नंतर चौकशी झाली, ती वेगळी गोष्ट. सव्वा फूट आतडं कापलं आणि त्या तुकड्याने नाव सांगितलं, क्रोन्स.

नावाची एक गंमत सांगतो. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलच्या तिघा डॉक्टरांनी या आजारावर लेख लिहिला. क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर. नावं एबीसीडीच्या क्रमाने छापली, क्रोनचं पहिलं आलं, आणि आजार त्याच्या नावावर चढला. त्याआधी 1913 मध्ये डॅलझिएल नावाच्या स्कॉटिश सर्जननेही असेच पेशंट लिहून ठेवले होते, त्याला कोणी विचारत नाही. रिझर्व्हेशन चार्टमध्ये वर नाव असलं की खिडकी मिळते, त्यातलाच प्रकार. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचंही 1956 च्या जूनमध्ये याच आजारासाठी ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. हे ताईला सांग, मी सांगितलं तर तिचा विश्वास बसत नाही.

आता तुझ्यापुढचा प्रश्न. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले म्हणतेस: आधी स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन देऊन बघायचं, नाहीतर पहिल्यापासून बायोलॉजिक सुई. रिपोर्टचा फोटो पाहिला. आतडं अजून आवळलेलं नाही, भगंदर नाही. म्हणजे तुझ्या हातात वेळ आहे, जो माझ्या हातात नव्हता.

स्टिरॉइड सावकाराच्या पैशासारखं. अडल्यावेळी रात्री दोनला दार उघडतो, आठवड्यात तुला उभी करतो. पण व्याज लावतो: चेहरा गोल, भूक खवळलेली, झोप नाही, चिडचिड, साखर वर, हाडं ठिसूळ. माझा चेहरा इतका फुगला होता की पासवाले नेहमीचे प्रवासी मला नवा कंडक्टर समजायचे. मुख्य म्हणजे स्टिरॉइड वणवा विझवतं, पण पुढे आजार आटोक्यात ठेवत नाही. त्यावर राहायचं नसतं. म्हणून ते सुरू करतानाच विचार, "हे बंद कधी, आणि त्याची जागा कोण घेणार?" याचं उत्तर नसेल तर बेत अर्धाच आहे. आणि अचानक कधीही सोडायचं नाही. एका दिवाळीत गोळ्या संपल्या, दुकानं बंद, मी म्हटलं चार दिवसांनी काय होतंय. तिसऱ्या दिवशी चक्कर, उलट्या, उठून बसता येईना. शरीर स्वतःचं स्टिरॉइड करायचं विसरलेलं असतं, त्याला हळूहळू आठवण करून द्यावी लागते. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवतात. आजार लहान आतड्याच्या शेवटालाच आणि सौम्य असेल तर ब्युडेसोनाइड नावाचं स्टिरॉइड आहे, ते बरंचसं आतड्यापुरतंच काम करतं, त्याचं व्याज कमी. तुला ते चालेल का, विचारून बघ.

अझाथायोप्रिन ही स्वस्त आणि जुनी गोळी, माझं दशकभर तिच्यावर निघालं. पण ती हातगाडीसारखी, वेग घ्यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर स्टिरॉइडने ढकलावं लागतं. पांढऱ्या पेशी खाली आणते. काही माणसांत तर पहिल्या काही आठवड्यांतच एकदम कोसळतात आणि केस गळून पडतात. आपल्या आशियाई लोकांत याला बरेचदा एनयूडीटी15 नावाच्या जनुकातला फरक कारण असतो, आणि तो रक्तातून आधी तपासता येतो. सुरू करण्याआधी ही तपासणी माग. आणि सुरुवातीला आठवड्याने, पंधरवड्याने सीबीसी करायला सांगितली तर एकही चुकवू नकोस. ऑफिसात मीटिंग आहे म्हणून तर मुळीच नको.

कोणी मेसालामीनवरच ठेवतो म्हणाला तर कारण विचार. ते अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये उपयोगी, क्रोन्समध्ये फारसं नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनने 2021 च्या सूचनांत मध्यम ते तीव्र क्रोन्ससाठी ते देऊ नका असंच म्हटलंय.

मग बायोलॉजिक. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत 1998 मध्ये क्रोन्ससाठी परवानगी मिळाली, म्हणजे माझं ऑपरेशन झालं त्याच्या आदल्या वर्षी. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी कंडक्टरच्या पगारात ते बसलं नसतं. ते शिरेतून देतात: पहिल्या दिवशी, दोन आठवड्यांनी, सहाव्या आठवड्यात आणि मग दर आठ आठवड्यांनी. ॲडॅलिम्युमॅब पोटाच्या कातडीखाली घरीच टोचायचं, साधारण पंधरा दिवसांनी. डिसेंबर 2014 मध्ये त्याची भारतीय बनावटीची आवृत्ती निघाली आणि माझ्यासारख्यांचं दार थोडं किलकिलं झालं. त्याखेरीज व्हेडोलिझुमॅब आहे, ते बरंचसं आतड्यापुरतं काम करतं. उस्टेकिनुमॅब आहे, आणखी नवीही आलीत. तुझ्यासाठी कोणतं, ते डॉक्टरांचं काम.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. मी तुझ्या वयाचा असतो आणि पैशाची सोय दोन-तीन वर्षांची होत असती, तर लवकर बायोलॉजिककडे गेलो असतो. माझ्या डॉक्टरांनी मला एका ब्रिटिश अभ्यासाबद्दल सांगितलं, मग पोराला संगणकावर शोधायला लावलं. 2024 मध्ये छापून आलाय. नव्याने निदान झालेले 386 पेशंट घेतले. निम्म्यांना सुरुवातीपासून इन्फ्लिक्सिमॅब आणि सोबत अझाथायोप्रिनसारखं औषध, निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने, आजार उलटला की एकेक पायरी वर. वर्षाच्या आसपास, स्टिरॉइडशिवाय आणि ऑपरेशनशिवाय आजार शांत राहिलेले पहिल्या गटात शंभरात 79, दुसऱ्या गटात 15. मी आयुष्यभर हिशोब जुळवलेत, वे-बिलात चार आण्यांची तूट आली तर रात्री झोप लागायची नाही. हा फरक चार आण्यांचा नाही.

पण तीन गोष्टी त्याआधी. एक, टीबीच. इन्फ्लिक्सिमॅब, ॲडॅलिम्युमॅब जातीच्या औषधाने अंगात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा फोटो आणि इग्रा किंवा मॅन्टू तपासणी झालीच पाहिजे. दडलेला टीबी निघाला तर आधी त्याचं औषध सुरू होतं, मग हे. तपासणी चोख निघाली तरी पुढेही ताप, खोकला, वजन उतरणं असं काही झालं तर "सर्दी असेल" म्हणून घरी बसायचं नाही. दुसरं, हेपॅटायटिस बी तपासून घे, आणि लसी आधी उरक. कांजिण्यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी औषध सुरू झाल्यावर देत नाहीत. तिसरं पैशाचं, आणि ते मी जरा जास्त सांगतो, कारण डॉक्टर ते सांगायला लाजतात.

दोन सुया घेतल्या, पैसे संपले, चार महिने थांबलो, पुन्हा सुरू केल्या, असं मी केलंय. असं केलं की शरीर औषधाविरुद्धच शस्त्रं घडवतं आणि नंतर तेच औषध लागू पडत नाही, कधी अंगावर येतं. माझं एक चांगलं औषध असं वाया गेलं. म्हणून पहिल्या सुईच्या आधी वर्षाचा खर्च कागदावर मांड. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये हे बसतं का? दवाखान्यात राहून घेतलेलं औषध पास करतात, घरी टोचलेली सुई ओपीडीत मोडते म्हणून नाकारतात, असं पुष्कळांच्या वाट्याला आलंय. एचआरकडून ईमेलवर लेखी घे. नोकरी बदलताना नवी पॉलिसी जुना आजार पहिल्या दिवसापासून धरते का, ते राजीनामा द्यायच्या आधी बघ. स्वतःची पॉलिसी काढलीस तर आजार लपवू नकोस. 2024 पासून जुन्या आजारासाठी थांबायला लावायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं झालीय. लपवलंस तर ऐन वेळी क्लेम जातो. आणि डॉक्टरांना तोंडाने सांग, "मला महिन्याला एवढंच जमेल." लाज काय त्यात. प्रवासीही तिकिटाचे पैसे नसले तर आधी सांगतो, तेव्हाच काहीतरी करता येतं. कंपन्यांच्या सवलतीच्या योजना असतात, स्वस्त आवृत्त्या असतात. पण आधी सांगायला पाहिजे.

सुई घरी आणलीस तर दोन ते आठ डिग्रीत ठेवायची. फ्रीजच्या दारात नको, बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नको, गोठली की गेली. गावाकडे येताना आईसबॉक्समध्ये, बर्फाला थेट न टेकवता कापडात गुंडाळून. टोचायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेव, गार औषध फार झोंबतं.

ऑपरेशनचं नाव काढलं की ताई देवापुढे बसते. तुझ्यावर ती वेळ नाही, पण भूत म्हणून डोक्यात ठेवू नकोस. आजार लहान आतड्याच्या शेवटच्या थोड्या लांबीपुरता असेल, तर दुर्बिणीतून तेवढा तुकडा काढणं आणि इन्फ्लिक्सिमॅब देणं यांची तुलना नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये करून पाहिली. 2017 मध्ये निकाल छापला: वर्षभरानंतर दोन्हीकडचे पेशंट सारखेच सुखात होते. म्हणजे ऑपरेशन म्हणजे हरलो असं नाही. पण ऑपरेशन म्हणजे सुटलो असंही नाही, आणि हे मला कोणीतरी कान धरून सांगायला हवं होतं.

1999 नंतर तीन वर्षं मी ठणठणीत होतो. गोळ्या सोडल्या. सहा महिने ते वर्षभरात दुर्बिणीने जोड बघायचा असतो, तो बघितला नाही. बिडी ओढत राहिलो, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार जास्त उलटतो. विचारलं कोणी तर म्हणायचो, बरं वाटतंय. 2003 ला नेमक्या त्या जोडावर परत आला. आतडं गप्प बसूनही खराब होतं, पोरी. म्हणून शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, ती आतली धग सांगते. आकडा साधारण अडीचशेच्या वर गेला की डॉक्टर कान टवकारतात. दर काही महिन्यांनी करायची, पोट शांत असताना तर आवर्जून करायची. डबीत नमुना घेऊन लॅबमध्ये जायला लाज वाटते हे खरं. मी पेपरात गुंडाळून न्यायचो, लॅबवाला म्हणायचा, "काका, मी दिवसभर हेच करतो."

अंगदुखीच्या कॉम्बिनेशन गोळ्या घेऊ नकोस. पाळीत दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्यांनी आजार चाळवू शकतो. डेंटिस्ट, हाडांचा डॉक्टर, कोणीही लिहून दिलं तरी आधी आपला आजार सांगायचा.

खाण्याचं ताईला कोष्टक हवंय. असं एकच कोष्टक नसतं. मला दूध सोसत नाही, ताक सोसतं. माझ्या ओळखीच्या एकाचं उलटं. वही ठेव, काय खाल्लं आणि काय झालं, महिनाभर. पोट बिघडलेलं असताना मऊ भात, मुगाचं पातळ वरण, मेतकूट, शिजवून किसलेला दुधी, उकडलेलं अंडं. पोट ताळ्यावर आलं की हळूहळू सगळं. भीतीने आयुष्यभर भात-वरणावर राहशील तर वजन जाईल. आतडं आवळलेलं असेल त्याने मात्र मक्याचं कणीस, शेवग्याचा चोथा, संत्र्याची सालं-तंतू, कच्चा कोबी, पेरूच्या बिया यांच्यापासून लांब राहायचं. माझ्या मुक्कामी गाडीची आठवण ठेव. उपवास मी सोडला. एकादशीला साबुदाणा-शेंगदाणा खाऊन पोट बिघडवण्यात पुण्य नाही, हे खुद्द आमच्या आळीतल्या भटजींनी मला सांगितलं. बी-12, लोह, ड जीवनसत्त्व तपासून घे. लहान आतड्याचं टोक आजारी असलं की बी-12 नीट शोषलं जात नाही, मला दर काही महिन्यांनी इंजेक्शन लागतं.

आता तो वैद्य. ताईला दुखवू नकोस. कुड्याचं पाळ, बेलफळ, हे आपल्या कोकणातल्या आजीनेही दिलं असतं, ती मायेची गोष्ट आहे. पण दोन अटी सांग. जे घेशील ते डॉक्टरांना कळलं पाहिजे. आणि ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती पोटात जाणार नाही. मी अशी एक पुडी घेतली होती. दहा दिवसांत जादू, भूक काय, झोप काय! चेहरा गोल व्हायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, यात स्टिरॉइड असणार. सावकार मागच्या दाराने आला होता.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण विचारशील. लग्न, मूल. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घराण्यात असला तर धोका थोडा वाढतो, पण पेशंटच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. माझ्याकडून तुला आला का, हे मी परवापासून रात्री मोजतोय, आणि डॉक्टरांनी एकदा समजावलेलं पुन्हा आठवतोय: अनुवंश हे एक कारण, एकटं पुरत नाही. मूल हवं असेल तेव्हा आजार शांत असणं सगळ्यात महत्त्वाचं. म्हणून औषधं घाबरून आपणहून सोडायची नाहीत, आधी सांगून बेत करायचा. मेथोट्रेक्झेट नावाचं औषध मात्र त्या बेतात बसत नाही, ते महिने-महिने आधी बंद करतात. आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत इन्फ्लिक्सिमॅबसारखी सुई चालू असेल तर बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी देत नाहीत, पुढे ढकलतात. आपल्याकडे प्रसूतिगृहात ती लस सवयीने टोचतात, म्हणून फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचं. तुझ्या मामीला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "पोरीचं लग्न ठरायच्या आधी बाळाला लस कुठली देताय?" असो.

मुलगा बघायला आला तर पहिल्या भेटीत सांगू नकोस, तिसऱ्या भेटीच्या पुढे लपवू नकोस. हा माझा अंदाज, नियम नव्हे.

बाहेर पडताना माझी जुनी पिशवी अजून अशीच असते: पाण्याची छोटी बाटली, एक पँट, आतले कपडे, ओले रुमाल, घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी, पाच-दहाची नाणी. सुलभवाल्याकडे सुट्टे नसतात, हे कंडक्टरशिवाय कोणाला कळणार. मी डेपोतल्या प्रत्येक स्टँडचं शौचालय पाठ केलं होतं, कुठे कडी लागते, कुठे नळ आहे, कुठे पहाटेच झाडलेलं असतं. तू मेट्रो-स्टेशनं, मॉल, पेट्रोलपंप पाठ कर. ऑफिसात एकाला तरी खरं सांग. मी दोन ड्रायव्हरांना सांगितलं होतं, त्या दोघांच्या गाडीवर मला कळा कमी यायच्या, का ते देव जाणे.

पोट फुगून उलट्या आणि वारा बंद, गुदापाशी सूज नि ताप, भरपूर रक्त: यांतलं काही झालं तर मला फोन करण्यात वेळ घालवू नकोस, थेट दवाखाना. मला नंतर कळव.

फाइल एकच ठेव, तारखेप्रमाणे. दुर्बिणीचे फोटो, बायोप्सीचे कागद, आणि बायोप्सीच्या काचपट्ट्या कोणत्या लॅबमध्ये आहेत तेही लिहून ठेव, दुसरं मत घेताना त्याच मागतात. माझ्या 1997 च्या काचपट्ट्या आज कुठे असतील कोण जाणे.

डॉक्टरांची वेळ गुरुवारी अकराची म्हणालीस ना? मी पहाटे साडेपाचच्या गाडीने निघतो, दहापर्यंत स्वारगेटला असेन. तू आत एकटी जा, मी बाहेर बसेन. हवं असेल तर बोलाव. प्रश्नांचा कागद आदल्या रात्री लिहून ठेव, नाहीतर खुर्चीत बसलं की सगळं विसरायला होतं. आणि येताना सकाळी उपाशी येऊ नकोस, मामीने तुझ्यासाठी मेतकूट दिलंय, ते माझ्या पिशवीत आहे.

तुझा,
मामा